बाँडिंगचे मेगापास्कल: आकड्यामागची पार्श्वभूमी

बाँडिंग म्हणजे फिलिंग दाताला चिकटवणारं द्रव. त्याच्या बाटलीसोबतच्या माहितीपत्रकात मेगापास्कलचा आकडा हटकून असतो, म्हणजे जोड तोडायला दर क्षेत्रफळामागे किती जोर लागला त्याचं माप. एका कंपनीचा ३०, दुसरीचा ५०. दुसरी बाटली सरस, असं त्यावरून ठरवता येत नाही.

जुना भाग लवकर आटोपतो. १९१९ मध्ये अमेरिकेच्या युद्ध खात्याला दातात भरायची चांदी निवडण्यासाठी कसोट्या हव्या होत्या. तिथून दंतसाहित्याच्या मानकांना सुरुवात झाली. पण चांदी दाताला चिकटत नाही, कोरलेल्या खाचेत अडकून बसते. त्यामुळे चिकटण्याची चाचणी हा विषयच नव्हता. १९५५ मध्ये ८५ टक्के फॉस्फरिक ॲसिड ३० सेकंद लावलेल्या इनॅमलवर, म्हणजे दाताच्या वरच्या कडक आवरणावर, ॲक्रिलिक रेझिन घट्ट धरतं असं दिसलं आणि इनॅमलचा प्रश्न बराचसा सुटला. त्याखालचा थर, म्हणजे डेंटिन, मात्र ओलं, बारीक नळ्यांचं, कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचं. रेझिन त्या कोलॅजनच्या जाळीत मुरून मिश्र थर तयार होतो, हे जपानमधून १९८२ मध्ये पुढे आलं. त्यानंतर नवनव्या बाँडिंगची रीघ लागली आणि ती मोजायची कशी, यावर रणं माजली.

सोपी पद्धत म्हणजे शिअर, जोड कडेने ढकलून तोडणं. काढलेला दात ॲक्रिलिकच्या ठोकळ्यात बसवायचा, घासून डेंटिन उघडं करायचं, त्यावर सुमारे ३ मिलिमीटर व्यासाचं कंपोझिटचं (दाताच्या रंगाच्या फिलिंगच्या साहित्याचं) बटण चिकटवायचं आणि यूटीएमच्या (जोर लावून ताकद मोजणाऱ्या मशीनच्या) पात्याने ते कडेने ढकलायचं. आपल्याकडच्या डेंटल कॉलेजांत एमडीएस या पदव्युत्तर पदवीचे कितीतरी प्रबंध याच चाचणीवर उभे आहेत. दात तारा लावण्यासाठी काढलेल्या उपदाढांच्या रूपात सहज मिळतात आणि मशीन जवळच्या इंजिनीअरिंग कॉलेजात असतं. पण ताणाचं संगणकी गणित मांडल्यावर कळलं की जोर सगळ्या जोडावर सारखा पडतच नाही, पात्याजवळच्या कडेला एकवटतो. मग कित्येकदा जोड शाबूत राहतो आणि खालचं डेंटिनच तुटतं. तोही आकडा ‘बाँडची ताकद’ म्हणून छापला जातो!

यावर उतारा म्हणून १९९४ मध्ये मायक्रोटेन्साइल, म्हणजे बारीक नमुना ओढून तोडण्याची चाचणी, आली. पुढे रूढ झालेल्या तिच्या रूपात दात पाण्याच्या धारेखाली हिऱ्याच्या पात्याने उभा-आडवा कापून सुमारे १ चौरस मिलिमीटर छेदाच्या काड्या करतात. काडीची दोन्ही टोकं झटपट गोंदाने पकडीला चिकटवून ती ओढतात. जोड लहान, म्हणून त्यात दोष सापडण्याची शक्यता कमी, म्हणून आकडा मोठा. तेच बाँडिंग, तोच दात, पण मेगापास्कल पुष्कळदा शिअरच्या दुप्पट. कंपन्यांना ही चाचणी का आवडली, हे वेगळं सांगायला नको.

खरी मेख कापताना बसते. कमकुवत जोडाच्या काड्या मशीनपर्यंत पोचतच नाहीत, पात्याखालीच मोडतात. त्यांचं करायचं काय? समजा २० काड्यांपैकी ८ अशा मोडल्या आणि उरलेल्या १२ची सरासरी ४० आली. मोडलेल्या वगळल्या तर निकाल ४०. त्यांना शून्य धरलं तर २४. मशीनवर मोजलेली सगळ्यांत कमी किंमत, समजा १०, त्यांना दिली तर २८. तिन्ही रीती छापून आलेल्या संशोधनात सापडतात. शून्य धरणं अन्यायाचं, कारण काडी कापण्यापर्यंत टिकली म्हणजे थोडी तरी ताकद होतीच, असा एक युक्तिवाद आहे. तो खोटा नाही. पण वगळणं हे त्याहून वाईट, कारण त्यात जितकं बाँडिंग कच्चं तितकी त्याची वाईट उदाहरणं आपोआप गाळली जातात. निदान किती मोडल्या एवढं तरी छापावं. शिवाय एका दाताच्या १० काड्या म्हणजे १० स्वतंत्र नमुने नव्हेत, हेही सोयीस्करपणे विसरलं जातं.

मानकांनी यात थोडी शिस्त आणली. दात काढल्यापासून सहा महिन्यांच्या आत वापरायचा, नमुना ३७ अंशांच्या पाण्यात २४ तास ठेवायचा, जास्त कसाला लावायचा तर ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात ५०० फेऱ्या. या फेऱ्या तोकड्या आहेत ही तक्रार जुनीच. वर्षभराच्या खाण्यापिण्याला १०,००० धराव्यात असं मानणारे बरेच आहेत. २०१३ मध्ये शिअरसाठी वेगळं मानक आलं, त्यात बटणाच्या गोलाईला बसेल असं खाच असलेलं पातं आहे. पण तोंडात काय होतं ते हिरडीजवळच्या झिजलेल्या खाचांत कळतं, कारण तिथे फिलिंगला अडकायला जागा नसते. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेने पूर्ण मान्यतेसाठी घातलेली अट होती, १८ महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त फिलिंग पडता कामा नयेत. ही अट मेगापास्कलमध्ये नाही.

कॅपच्या बाबतीत तोच घोळ दुसऱ्या रूपात आहे. सिरॅमिकच्या कॅपवर स्टीलची गोळी दाबून ती फुटेपर्यंत जोर वाढवतात आणि हजारो न्यूटनचे आकडे मिरवतात. त्यात तडा गोळीखालून, वरून जातो. रुग्णांच्या तोंडात फुटलेल्या कॅपांचे तुकडे तपासले तेव्हा तडा बहुधा आतून, सिमेंटच्या बाजूने सुरू झालेला दिसला. हा आक्षेप १९९९ मध्ये तपशीलवार मांडला गेला, तरी गोळीच्या चाचण्या अजून छापल्या जातातच.