घोड्याची निगा आणि अश्वकल्याण

पाळलेल्या घोड्याचा चारापाणी, निवारा, खूर, दात, काम आणि आजारपण यांची रोजची व्यवस्था म्हणजे त्याची निगा. ही व्यवस्था घोड्याच्या बाजूने पाहिली तर कशी आहे, हे तपासणे म्हणजे अश्वकल्याण. अंग चकचकीत, दाणा भरपूर, तबेला झाडलेला, अशा घोड्याच्या निगेत कोणी खोट काढणार नाही. पण तोच घोडा दिवसाचे बावीस तास एकटा चार भिंतींत उभा असेल, तर त्याचे बरे चालले आहे असे म्हणता येत नाही. घोडा हा माळावर कळपाने हिंडणारा, सतत थोडेथोडे चरणारा आणि धोक्याची चाहूल लागताच पळणारा प्राणी. माणसाने त्याला पाळून किमान चार हजार वर्षे झाली, तरी त्याचे पोट, पाय आणि मन अजून माळावरचेच आहे. निगेतल्या बहुतेक चुका याचा विसर पडल्याने होतात.

इतिहास : घोडा युद्धाला आणि वाहतुकीला लागत असल्यामुळे त्याच्या निगेविषयी माणसाने फार पूर्वीपासून लिहून ठेवले. मितन्नी राज्यातील किक्कुली या अश्वशिक्षकाच्या इ. स. पू. चौदाव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या मातीच्या पाट्यांत रथाच्या घोड्यांना कधी पळवावे, कधी धुवावे, किती चारा द्यावा हे दिवसवार दिलेले आहे. ग्रीक सेनानी झेनोफन याने इ. स. पू. चौथ्या शतकात, रागाच्या भरात घोड्याशी वागू नये, असे बजावले. भारतीय परंपरेत शालिहोत्र हे अश्ववैद्यकाचे आद्य आचार्य मानले जातात. आधुनिक पशुवैद्यकाचा उगमही पागेजवळचाच : फ्रान्समधील लियाँ येथे १७६१ साली पहिली पशुवैद्यक शाळा काढणारा क्लोद बूर्झला हा आधी घोडेस्वारीच्या विद्यालयाचा प्रमुख होता.

मात्र हे सारे ज्ञान घोडा कामाला टिकावा म्हणून होते. घोड्याला होणारा त्रास हाच दखल घेण्याजोगा विषय आहे, असे कायद्याने मानायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. ब्रिटनमध्ये खासदार रिचर्ड मार्टिन यांच्या प्रयत्नाने १८२२ साली झालेल्या कायद्याने घोडे व गुरे यांना क्रूरपणे वागवणे हा गुन्हा ठरला. पहिल्या महायुद्धानंतर इजिप्तमध्ये विकल्या गेलेल्या लष्करी घोड्यांची दैना पाहून डोरोथी ब्रुक यांनी १९३४ साली कैरोत अशा घोड्यांसाठी रुग्णालय काढले. पाळीव जनावरांच्या कल्याणाविषयी ब्रिटनमध्ये नेमलेल्या ब्रॅम्बेल समितीच्या १९६५ च्या अहवालातून पुढे ‘पाच स्वातंत्र्ये’ ही मांडणी आली : भूक-तहान, अस्वस्थता, वेदना-आजार आणि भीती यांपासून मुक्तता, तसेच स्वाभाविक वर्तनाची मोकळीक. १९९४ पासून प्राणिकल्याणाचे अभ्यासक डेव्हिड मेलर व सहकाऱ्यांच्या ‘पाच क्षेत्रां’च्या (आहार, परिसर, आरोग्य, वर्तन आणि मनःस्थिती) मांडणीने एक पाऊल पुढे टाकले. प्राण्याला काय वाटते, हाच तिचा केंद्रबिंदू आहे.

आहार : घोड्याचे जठर देहाच्या मानाने लहान, साधारण ८ ते १५ लिटरचे. घोडा खात असो वा नसो, त्यात आम्ल अखंड पाझरत असते. ते सौम्य करणारी लाळ मात्र चघळतानाच सुटते. मोकळा घोडा दिवसरात्र मिळून सोळाएक तास चरत असतो, तेव्हा हा हिशेब आपोआप जुळतो. सकाळ-संध्याकाळ दोन वेळा दाणा टाकून मधले तास रिकामी गव्हाण ठेवली, की तेच आम्ल जठराच्या अस्तराला जाळते आणि व्रण पडतात. दोन वेळचे जेवण ही माणसाची सोय आहे; घोड्याला चरण्याची संधी लागते.

खरे पचन पुढे, अंधांत्र (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) आणि मोठ्या आतड्यात होते. तिथले सूक्ष्मजंतू चाऱ्यातले तंतू आंबवून ऊर्जा देतात. एका वेळी फार दाणा खाल्ला, तर न पचलेला स्टार्च तिथवर पोचतो, आम्लता वाढते, जंतू मरतात आणि पोटशूळ किंवा खुरांचा दाह (लॅमिनायटिस) उद्भवतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे चुकून पोटात गेलेले बाहेर टाकण्याचा मार्गच नाही. म्हणून ५०० किलोच्या घोड्याला रोज साधारण साडेसात ते दहा किलो कोरडी वैरण हा पाया धरावा, चंदी (दाण्याचा खुराक) कामापुरतीच असावी आणि एका वेळी दोन किलोंच्या आत. पाटी आणि ओंजळ ही मापे फसवी असतात. चारा एकदा तरी काट्यावर तोलून पाहिला, की अंदाज किती चुकत होता ते कळते. नवा चारा द्यायचा तर जुन्यात मिसळून, दहाएक दिवसांत हळूहळू. पाणी रोज २५ ते ५० लिटर, उन्हात आणि श्रमानंतर अधिक, चाटायला मीठ. पाणी कमी पडले, की आतड्यात चारा घट्ट बसतो. कोंबड्या किंवा गुरांसाठी तयार केलेले खाद्य घोड्याला कधीही देऊ नये. त्यात बऱ्याचदा असणारे मोनेन्सिन हे औषध त्यांना मानवते, पण घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्याने निकामी होतात.

आहार बरोबर आहे की नाही, हे अंगावर दिसते. हेन्नेके यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या १ ते ९ गुणांच्या मोजपट्टीत मधला ५ गुण म्हणजे फासळ्या दिसत नाहीत, पण हात फिरवताच लागतात. उपाशी घोड्याची कीव सर्वांना येते. लठ्ठ घोड्याचे मात्र कौतुक होते, आणि खुरांच्या दाहाकडे नेणारा रक्तातील इन्शुलिनचा बिघाड अशांतच जास्त आढळतो.

निवारा आणि सोबत : ऊन-पाऊस लागू न देणारे छप्पर हवे, पण हवा कोंडणाऱ्या भिंती नकोत. कोंदट तबेल्यातली वैरणीची धूळ, बुरशी आणि लघवीतून सुटणारा अमोनिया यांनी दम्यासारखा विकार जडतो. तबेला कसा आहे हे पाहायचे, तर गुडघे टेकून जमिनीलगत दोन-चार श्वास घ्यावेत. घोडा तिथलीच हवा घेत असतो. उभ्या माणसाच्या नाकाला जे कळत नाही, ते खाली लगेच झोंबते.

घोडा उभ्याने डुलकी घेऊ शकतो. पायांतील स्नायुबंधांची रचनाच तशी आहे. गाढ, स्वप्नांची झोप मात्र आडवे झाल्यावाचून लागत नाही, आणि आडवे व्हायला त्याला सुरक्षित वाटावे लागते. कळपात कोणीतरी जागे असते. एकटा, अरुंद जागेत किंवा पुढचे-मागचे पाय जखडून बांधलेला घोडा दिवसचे दिवस पाठ टेकत नाही आणि मग उभ्याउभ्या गुडघ्यांवर कोसळतो.

लाकडाची कड दातांत धरून हवा ओढणे, एकाच जागी डावी-उजवीकडे झुलत राहणे, फेऱ्या घालणे या सवयींना ‘खोडी’ म्हणायची रीत आहे. हा शब्द टाकलेला बरा, कारण त्याने दोष घोड्यावर जातो. अपुरी वैरण, कोंडलेपण आणि एकटेपणा हीच त्यांची मुख्य कारणे आढळतात. गळ्यात पट्टा आवळून हवा ओढणे थांबवता येते. कारण तसेच राहते. रोज मोकळे सोडणे, निदान नाक लावता येईल असा शेजारी देणे आणि वैरण जवळ ठेवणे हे उपाय आधी करावेत.

खूर आणि अंग : खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून तो छाटून, समतोल करून घ्यावा लागतो, नाल असो वा नसो. रोज आकडीने तळवा उकरून खडे, शेण काढावे. मधल्या त्रिकोणी मऊ भागातून काळा, दुर्गंधी पाझर दिसला, तर ती कुज ओल्या जागेची तक्रार आहे. खूर गरम लागणे, पायातली नाडी ठणठणणे आणि भार मागे टाकून उभे राहणे ही खुरांच्या दाहाची लक्षणे होत. त्यात उद्यापर्यंत वाट पाहू नये.

खरारा हा अंग चमकवण्यासाठी करतात असे वाटते. मोतद्दाराच्या, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्याच्या, दृष्टीने ती रोजची तपासणी असते. हाताखाली सूज, गरम भाग, खोगिराखालची दुखरी जागा लागते. मान आणि पाठ जुळते त्या उंचवट्यावर घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात आणि त्याने हृदयाचे ठोके मंदावतात. शाबासकी म्हणून मानेवर थापा मारण्याऐवजी तिथे खाजवले, तर ती घोड्याला कळते. ओठांभोवतीचे लांब केस स्पर्शाचे अवयव आहेत. शोभेसाठी ते कापण्यावर आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने २०२१ पासून बंदी घातली.

दात आयुष्यभर उगवत आणि झिजत राहतात. वरचा जबडा रुंद असल्याने कडा धारदार होऊन गाल-जीभ कापतात, म्हणून वर्षातून एकदा दात तपासून घासून घ्यावेत. धनुर्वाताला घोडा फार लवकर बळी पडतो; लस चुकवू नये. जंतांचे औषध ठरावीक महिन्यांनी सरसकट पाजण्याची जुनी पद्धत औषधांना न जुमानणारे जंत वाढवून बसली आहे. आता शेणातील अंडी मोजून, गरज असेल त्यालाच औषध देण्याकडे कल आहे.

काम आणि शिकवण : स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या सुमारे पंचमांशाच्या आत असावे. पाठीवर उगवलेले पांढरे केस पुष्कळदा न बसणाऱ्या खोगिराची खूण असतात. नाकावरून जाणाऱ्या पट्ट्याखाली दोन बोटे शिरली पाहिजेत.

तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतले तर स्नायू आखडतात, ही समजूत अजून ऐकू येते. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत झालेल्या संशोधनाने ती निराधार ठरवली : अंगभर गार पाणी ओतत राहणे हाच उष्माघातावर सर्वांत लवकर लागू पडणारा उपाय. श्रमानंतर पाणी पिऊ न देणे हीही तशीच चुकीची रीत.

बर्लिनमध्ये १९०४ च्या सुमारास ‘हुशार हान्स’ नावाचा घोडा खुराने ठोके देऊन गणिते सोडवतो म्हणून गाजला. ऑस्कर प्फुंग्स्ट यांनी तपासून दाखवले, की बरोबर आकडा येताच प्रश्नकर्त्याच्या डोक्याची नकळत होणारी अगदी बारीक हालचाल पाहून तो थांबे. इतके बारीक पाहणाऱ्या प्राण्याला आज्ञा कळवायला हिसके आणि चाबूक लागत असतील, तर खोट शिकवणाऱ्यात आहे. लगामाचा वा टाचेचा दाब घोड्याने योग्य प्रतिसाद देताच सुटला पाहिजे. तो सुटण्याच्या क्षणीच घोडा शिकतो. दाब तसाच राहिला, तर तो फक्त सहन करायला शिकतो.

वेदना ओळखणे : भक्ष्य होणारा प्राणी दुखणे लपवतो. २०१४ मध्ये मांडलेल्या मुखमुद्रा-मोजपट्टीत ताठ मागे वळलेले कान, आकसलेले डोळे, ताणलेले जबड्याचे स्नायू, आवळलेले तोंड आणि ताठरलेल्या नाकपुड्या अशा खुणांवरून वेदना मोजतात. निरोगी घोड्याचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतो. आपल्या घोड्याचे नेहमीचे आकडे तो बरा असतानाच लिहून ठेवावेत. कुशीकडे वळून पाहणे, जमीन उकरणे, पुन्हापुन्हा लोळणे, लीद थांबणे ही पोटशुळाची लक्षणे दिसताच खाणे काढून घ्यावे आणि पशुवैद्याला बोलवावे.

चांगल्या निगेत घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. उतारवयात दात झिजल्यावर वैरण भिजवून किंवा बारीक करून द्यावी लागते. उन्हाळ्यातही न झडणारे लांब केस मस्तकातील पीयूष ग्रंथीच्या विकाराकडे बोट दाखवतात. न थांबणाऱ्या वेदनांत औषधाने शांत मरण देणे हाही निगेचाच भाग मानला जातो, आणि तो निर्णय संकट येण्याआधी पशुवैद्याशी बोलून ठेवणे इष्ट. त्या वेळी सोबतच्या घोड्याला मृत सोबत्याजवळ काही वेळ जाऊ देतात. तो हुंगतो, ढोसून पाहतो आणि काही वेळाने आपणहून चरायला वळतो.