कपाटाची किल्ली: सरकारी शाळांतल्या विज्ञान-गणिताची मागची गोष्ट

आमच्या शाळेत विज्ञानाचं एक कपाट होतं. काचेच्या दारामागे परीक्षानळ्या, स्पिरिटचा दिवा, नालाच्या आकाराचं लोहचुंबक आणि कप्पे उघडणारं प्लॅस्टिकचं हृदय. ते उघडतं असं आम्ही फक्त ऐकून होतो, कारण सातवीपर्यंत कपाटच उघडलं नाही. गुरुजी आळशी नव्हते. जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या यादीत, एकेक नळी त्यांच्या ताब्यात म्हणून लिहिलेली होती. फुटली तर निर्लेखनाचा, म्हणजे ती यादीतून काढून टाकण्याचा प्रस्ताव, तपासणीच्या वेळी खुलासा, आणि वर 'मुलांच्या हातात दिलीच कशाला' हे ऐकून घ्यायचं. त्यापेक्षा फळ्यावर आकृती काढलेली बरी.

सरकारी शाळांतलं विज्ञान आणि गणित सुधारायचं म्हटलं की आजही आधी साहित्य येतं, मग परिपत्रक, आणि सगळ्यात शेवटी शिक्षक. हा क्रम कसा पडला, ते पाहण्यासाठी बरंच मागे जावं लागतं.

मुंबई इलाख्यात १८२०च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याच्या देखरेखीखाली गणिताची पुस्तकं मराठीत तयार झाली. पुढे बाळशास्त्री जांभेकर मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत गणित आणि ज्योतिष शिकवत. म्हणजे मराठीतून गणित-विज्ञान ही काही अलीकडची कल्पना नाही. पण ते शिक्षण फार थोड्यांचं होतं. खेड्यातल्या मुलाला काय शिकवायचं, हे रोखठोक मांडलं जोतीराव फुल्यांनी. १८८२ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे मागितले, आणि शिक्षक प्रशिक्षित व बऱ्या पगाराचा असावा असा आग्रह धरला. मागणी शिक्षकापासून सुरू होत होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

१९३७ साली वर्ध्याच्या परिषदेतून गांधीजींची नई तालीम, म्हणजे उद्योगातून शिक्षण, पुढे आली. टकळीवर सूत काततानाच लांबी, वजन, सरासरी आणि घर्षण शिकायचं, असा तो विचार. उद्योगाला अभ्यासाशी जोडणारा शिक्षक जिथे होता तिथे ते जमलं. बाकी ठिकाणी टकळी तेवढी उरली आणि तिचा तास झाला.

स्वातंत्र्यानंतर धरणं, पोलाद, अणुशक्ती यांच्या बरोबरीने शाळेतलं विज्ञानही राष्ट्रीय विषय झालं. त्यातच ४ ऑक्टोबर १९५७ला सोव्हिएत संघाने स्पुतनिक सोडला. अमेरिकेने पुढच्याच वर्षी शिक्षणासाठी पैसा देणारा कायदा केला, आणि भौतिकशास्त्र शिकवण्याची प्रयोगावर उभी राहिलेली नवी पुस्तकं जगभर फिरू लागली. आपल्याकडे १९६१मध्ये एनसीईआरटी, म्हणजे शालेय शिक्षणाची राष्ट्रीय संशोधन व प्रशिक्षण परिषद, स्थापन झाली, १९६३मध्ये विज्ञान प्रज्ञाशोध परीक्षा सुरू झाली. युनेस्को-युनिसेफच्या मदतीने शाळांसाठी विज्ञानाच्या साहित्यपेट्या तयार झाल्या. आमच्या कपाटाचे पूर्वज ते हेच.

खरी उलथापालथ केली केंद्राच्या शिक्षण आयोगाने, म्हणजे कोठारी आयोगाने (१९६४–६६). अध्यक्ष दौलतसिंग कोठारी स्वतः भौतिकशास्त्रज्ञ, सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक. विज्ञान आणि गणित दहावीपर्यंत सगळ्यांना सक्तीचं करा, ही त्यांची शिफारस १९६८च्या राष्ट्रीय धोरणात आली. महाराष्ट्रात नव्या रचनेतली दहावीची पहिली परीक्षा १९७५ची. शिफारस योग्यच होती. गणित-विज्ञान हे मोजक्या हुशार मुलांचं कुरण राहू नये, हा त्यामागचा हेतू कुणालाही पटेल. पण सगळ्यांना विज्ञान म्हणजे सगळीकडे विज्ञान शिकवणारा माणूस हवा, आणि तो एका ठरावाने तयार होत नाही. त्यामुळे व्याख्या पाठ करणं हाच बऱ्याच शाळांतला विज्ञानाचा तास ठरला.

याच सुमारास मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात जे घडलं, त्यावर जरा रेंगाळायला हवं. १९७२मध्ये किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी राज्य सरकारच्या परवानगीने १६ सरकारी माध्यमिक शाळांत (म्हणजे आपली सहावी ते आठवी) वेगळ्या पद्धतीने विज्ञान शिकवायला घेतलं. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ मदतीला होते. १९७८मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर पसरला. १९८२मध्ये 'एकलव्य' ही संस्था स्थापन झाली आणि तिने तो आणखी जिल्ह्यांत नेला.

तिथल्या 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांत उत्तरं नव्हती. 'हे करून पाहा, काय दिसलं ते लिहा, असं का झालं असेल' एवढंच. फुलाचे भाग सुटे करायला विकतची सुई लागते, तर तिथे बाभळीचा काटा आला. सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून भूमितीच्या आकृत्या तयार झाल्या. ही कल्पना अरविंद गुप्तांची. टेल्को कंपनीतून वर्षभराची रजा काढून ते १९७८मध्ये तिथे गेले होते. काट्याची जडसंग्रहात नोंद होत नाही. मोडला तर कुंपणाजवळ जाऊन दुसरा आणायचा.

असा एखादा तास डोळ्यांपुढे आणा. चाळीस मुलं एकच बाक पट्टीने मोजतात. कुणाचं १२१ सेंटीमीटर, कुणाचं १२० आणि थोडं, एकाचं थेट ११२, कारण त्याने पट्टी उचलताना खूण केली नाही. सगळे आकडे फळ्यावर. 'मग खरी लांबी कोणती?' नेहमीच्या वर्गात हा प्रश्न येत नाही, कारण बाईंनी मोजलेली तीच खरी. इथे मात्र मोजमापातली चूक, सरासरी, ११२ वगळायचा की ठेवायचा, हे सगळं वाद घालून ठरवावं लागतं. विज्ञान आणि गणित यांच्यातली भिंत तिथे आपोआप पडते. आज ज्याला 'स्टेम' (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित एकत्र शिकणं) म्हणतात ते यापेक्षा फार वेगळं नाही, फक्त तेव्हा त्याला नाव नव्हतं.

पण होशंगाबादचं मर्म काट्यात नव्हतं. शिक्षकांना ओळीने तीन उन्हाळे, प्रत्येक इयत्तेसाठी एक, सुमारे तीन आठवड्यांचं प्रशिक्षण मिळायचं, आणि त्यात ते स्वतः मुलांसारखे प्रयोग करत. दर महिन्याला शाळांच्या गटाची बैठक, तिथे फसलेल्या प्रयोगांवर चर्चा. मुलांच्या पत्रांना 'सवालीराम' या नावाने उत्तरं जात. परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती आणि प्रयोगाची वेगळी परीक्षा होती. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. प्रश्नपत्रिका जुनीच राहिली असती तर दोन वर्षांत सगळे पुन्हा गाईडकडे वळले असते. पाठ करून लिहिता येईल असं पेपरात काही उरलंच नाही, म्हणून कपाटं उघडी राहिली.

२००२मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तोवर तो सुमारे हजार शाळांत पोचला होता. एकाच राज्यातली मुलं वेगळं का शिकतात, असा आक्षेप होता. उलटा प्रश्न, बाकीच्या राज्यानेच ते का उचललं नाही, हा तसाच राहिला.

इकडे मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४मध्ये सुरू झालं, मानखुर्दला जाण्याआधी नाना चौकातल्या महापालिका शाळेच्या इमारतीत. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात त्यांनी ग्रामीण शाळांबरोबर काम केलं. तिथून आणि महापालिकेच्या शाळांमधून वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती जे लागलं, त्याची किट वाटणाऱ्यांनी फारशी दखल घेतली नाही. मुलांना विज्ञान अडत नव्हतं, पुस्तकाची मराठी अडत होती.

'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द मूल दोनदा ऐकून गिळतं, त्याचं एवढं काही नाही. घात करतात ते आजूबाजूचे शब्द. 'उष्णता दिली असता पदार्थाच्या आकारमानात होणाऱ्या वृद्धीस प्रसरण असे संबोधतात.' हे वाक्य मीच नमुन्यादाखल रचलं आहे, पण अशी वाक्यं ज्याने वाचली नाहीत असा मराठी शाळेतला माणूस शोधून सापडणार नाही. 'पदार्थ तापला की फुगतो, जास्त जागा व्यापतो. याला प्रसरण म्हणतात' असं लिहिलं की अर्धी लढाई तिथेच जिंकली. केंद्राने पुस्तकाची भाषा सोपी करून पाहिली, तेव्हा मुलांची समज सुधारलेली दिसली. महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर केलेल्या दुसऱ्या प्रकल्पात, आठवीपासून नीट मार्गदर्शन मिळाल्यावर दहावीचे निकाल लक्षणीय वर गेले. 'त्या मुलांना गणित येत नाही' या समजुतीला याहून सरळ उत्तर नाही.

आणि मग आपण काय केलं? मराठी सोपी करत बसण्याऐवजी 'सेमी इंग्रजी' काढलं. गणित आणि विज्ञान तेवढं इंग्रजीतून. पालकांची ओढ मी समजू शकतो, पुढे अकरावी सायन्स इंग्रजीतूनच असते. पण भाषेचा अडथळा सापडल्यावर आणखी उंच अडथळा उभारायचा, हा उपाय मला कधी कळला नाही.

देशपातळीवर १९८६च्या धोरणानंतर 'खडू-फळा मोहीम' आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि साहित्याचा संच, त्यात विज्ञान पेटी आणि गणित पेटीही. एकशिक्षकी शाळेला दुसरा शिक्षक मिळाला, हे मोठंच काम. पेट्यांचं नशीब मात्र बहुतेक ठिकाणी आधीच्या पेट्यांसारखंच, मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. १९९३मध्ये यशपाल समितीने सांगितलं की खरं ओझं दप्तराचं नाही, न समजण्याचं आहे. समितीचे अध्यक्ष, शास्त्रज्ञ यशपाल होशंगाबादच्या प्रयोगाशी जोडलेले होतेच. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात त्या विचाराला जागा मिळाली.

शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताचा स्वतंत्र शिक्षक असावा असं म्हटलं. कागदावर ही आजवरची सगळ्यात शहाणी तरतूद. प्रत्यक्षात पदं रिकामी असतात, आणि भरलेल्या पदावरचा माणूस मतदार यादी, पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरण्यात अडकलेला असतो.

२०१५मध्ये मुलांना विज्ञान-गणिताची गोडी लावण्यासाठी केंद्राचं राष्ट्रीय आविष्कार अभियान आलं. मग अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी वस्तू बनवून पाहण्याची शाळेतली प्रयोगशाळा, एका शाळेला २० लाख रुपये: १० लाख उभारणीला, उरलेले पाच वर्षं चालवायला. देशभर अशा १०,००० लॅब झाल्या, आणि २०२५च्या अर्थसंकल्पात आणखी ५०,००० सरकारी शाळांना त्या देण्याची घोषणा झाली. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, रोबोटचे सुटे भाग. काही ठिकाणी मुलं खरोखर चमकदार गोष्टी बनवतात, आणि तिथे चौकशी केली तर संध्याकाळी सहापर्यंत लॅबमध्ये थांबणारे कुणी सर किंवा बाई निघतात.

प्रिंटर आला की तोही जडसंग्रह नोंदवहीत चढतो, पान क्रमांक, किंमत आणि प्रभारी शिक्षकाच्या सहीसकट. त्याला लागणारं प्लॅस्टिकच्या तारेचं रीळ मात्र वापरून संपणारी वस्तू. पाच वर्षांचं अनुदान थांबल्यावर ते कुणाच्या खिशातून येणार, याचा रकाना त्या वहीत नाही.