समाजकार्यकर्त्यांची संघटना रजिस्टर करायचीय? पात्रता, कागदपत्रं आणि चॅरिटी ऑफिसची सगळी प्रोसेस

मार्चचा तिसरा मंगळवार म्हणजे जागतिक समाजकार्य दिन. आमच्या जिल्ह्यातल्या बीएसडब्ल्यू-एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी झालेल्यांची संघटना त्या दिवशी दरवर्षी जमते, कुणी दवाखान्यातली ड्युटी संपवून येतं, कुणी बालगृहातून, दोघीजणी तर शेवटची एसटी किती वाजता आहे ते बघूनच घरून निघतात. भाषणं, हारतुरे आम्ही ठेवतच नाही. प्रत्येकानं वर्षातली एक केस सांगायची, पेशंटचं नाव-गाव न घेता, आणि बाकीच्यांनी ऐकायचं. यंदा एका ताईंनी सांगितलं, वॉर्डात पाच आठवडे एक आजोबा बेवारस म्हणून पडून होते, स्वतःचं नावही धड सांगता येत नव्हतं. ताई रोज जेवणाच्या वेळी दहा मिनिटं त्यांच्या कॉटपाशी बसायच्या. एक दिवस आमटीचा घास घेऊन आजोबा म्हणाले, आमच्याकडं कूट घालतात ह्याच्यात, आणि पुढं गावच्या जत्रेतल्या देवीचं नाव निघालं. तेवढ्या एका नावावर ताईंनी ह्या तालुक्यातून त्या तालुक्यात पोलीस पाटलांना फोन लावत लावत घर शोधलं. मुलगा न्यायला आला तेव्हा आजोबांनी आधी ताईंचा हात धरला, मग मुलाचा. हे ऐकताना हॉलमध्ये कुणी मोबाइलला हात लावला नाही.

अशी माणसं एकत्र येतात तेव्हा काय बळ येतं ते मी दरवर्षी बघते, म्हणून शेजारच्या जिल्ह्यातल्या मैत्रिणीनं विचारलं की आम्हालाही संघटना काढायचीय, कागदपत्रं काय लागतात, तेव्हा तिला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा सगळं नीट लिहूनच काढावं म्हटलं.

आधी हे समजून घ्या की संघटना लागतेच कशाला. वकिलाला बार कौन्सिल आहे, डॉक्टरला मेडिकल कौन्सिल आहे, आपल्याकडं सगळ्या समाजकार्यकर्त्यांसाठी देशभराचं एक असं कौन्सिल नाही. मुंबईत नागपाड्याला १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकारानं सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, तेच आजचं टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, तेव्हा ह्या शिक्षणाला आपल्याकडं जवळपास ९० वर्षं होत आली. कायद्यांत तर आपलं नाव जागोजागी आहे. बाल न्याय कायद्यानुसार बाल न्याय मंडळात दोन समाजकार्यकर्ते लागतात आणि त्यातली एक तरी बाई असावीच लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात सायकियाट्रिक सोशल वर्कर कुणाला म्हणायचं ते लिहिलंय, आणि २०२१ चा अलाइड हेल्थकेअरचा राष्ट्रीय कायदा आला त्याच्या परिशिष्टात मेडिकल आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर आले. पण वस्तीत, शाळेत, बालगृहात, महिला समुपदेशन केंद्रात काम करणाऱ्यांचं काय? चौकातल्या फ्लेक्सवर ज्याच्या त्याच्या नावापुढं समाजसेवक लिहिलेलं असतं, त्यांच्या कामाबद्दल मला अनादर नाही, पण दोन वर्षं फील्डवर्क करून, सुपरव्हिजन घेऊन, केस रेकॉर्ड लिहायला शिकून आलेल्या मुलीची ओळख वेगळी आहे आणि ती कुठंतरी लिहिलेली पाहिजे. ती लिहायची जागा म्हणजे तुमच्या संघटनेची घटना, तिचे उद्देश आणि नियम. एक गोष्ट मात्र सभासदांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, संघटनेचं रजिस्ट्रेशन म्हणजे प्रॅक्टिसचं लायसन नाही.

आता प्रोसेस. महाराष्ट्रात दोन कायदे लागतात, संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, ह्या दुसऱ्याला जुनी माणसं अजून बॉम्बे पब्लिक ट्रस्ट ॲक्टच म्हणतात. पहिल्याखाली संस्था म्हणजे सोसायटी म्हणून नोंद होते, दुसऱ्याखाली सार्वजनिक न्यास म्हणजे ट्रस्ट म्हणून. दोन्हीचं काम एकाच छताखाली होतं, तुमच्या जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात, सगळे त्याला चॅरिटी ऑफिस म्हणतात. मुख्य कार्यालय मुंबईत वरळीला आहे पण जिल्ह्याच्या संस्थेला तिथं जायची गरज नसते.

पात्रता म्हणाल तर कमीत कमी सात माणसं, सज्ञान, एवढंच कायदा मागतो. पण माझा सल्ला ऐका, सातच घेऊ नका, नऊ किंवा अकरा घ्या, कारण दोघांची बदली झाली किंवा एकानं मधेच माघार घेतली की अर्ज अडकतो. एकाच घरातली नवरा-बायको, दीर-भावजय अशी नावं टाळा, संघटना पेशातल्या लोकांची आहे की कुटुंबाची अशी शंका येते आणि ती रास्तच आहे. सरकारी नोकरीत असाल, आमच्यासारखे समाजसेवा अधीक्षक वगैरे, तर पदाधिकारी व्हायच्या आधी आपल्या विभागाची लेखी परवानगी काढून फाइलला लावून ठेवा, नंतर धावाधाव नको.

पहिली पायरी सभा. सगळे संस्थापक बसा, संस्था काढायचा ठराव करा, नाव ठरवा, पत्ता ठरवा, अध्यक्ष-सचिव-खजिनदार निवडा, आणि ते प्रोसिडिंग बुकात लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. नावाची तीन-चार ऑप्शन ठेवा कारण तेच किंवा तसंच नाव आधी कुणी घेतलं असेल तर मिळत नाही. सरकारी खात्याचं किंवा सरकारच्या आश्रयाचं वाटेल असं नाव, बोधचिन्हं, ह्याला १९५० चा वेगळा कायदा आडवा येतो, त्यामुळं भारत सरकार, राष्ट्रीय आयोग असले शब्द नकोतच. जिल्ह्याचं नाव घाला, साधं आणि खरं.

मग विधानपत्र, म्हणजे मेमोरँडम. त्यात संस्थेचं नाव, पत्ता, उद्देश आणि पहिल्या कार्यकारी मंडळाची नावं, पत्ते, वय, व्यवसाय, पदं येतात, खाली सगळ्या संस्थापकांच्या सह्या आणि फोटो. उद्देश लिहिताना इथंच बरेच जण चुकतात. फक्त सभासदांचं कल्याण, सभासदांना मदत असंच लिहिलं तर हा सार्वजनिक न्यास कसा, असा प्रश्न उभा राहतो, कारण धर्मादाय हेतू म्हणजे गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत किंवा सगळ्या लोकांच्या उपयोगाचं काम. आमच्या घटनेत म्हणून प्रशिक्षण, विद्यार्थ्यांना फील्डवर्कचं मार्गदर्शन, आपत्तीत समुपदेशन, लोकांना हक्कांची माहिती हे आधी आहे आणि ते आम्ही खरंच करतो, पावसाळ्यात नदीकाठच्या वस्त्या हलवतात तेव्हा शाळेच्या वर्गांमध्ये बसून लोकांशी बोलायला आमचेच सभासद जातात. पगारवाढीची वाटाघाटी हाच मुख्य हेतू असेल तर ट्रेड युनियन हा वेगळा रस्ता आहे, तो ह्यात मिसळू नका.

नियमावली हा फाइलचा दुसरा भाग, तिच्या प्रतीवर कार्यकारी मंडळातल्या निदान तीन जणांनी ही खरी प्रत आहे म्हणून सह्या करायच्या. आणि ह्यातलं सभासदत्वाचं कलम, त्याच्यावर हवे तर चार रविवार घालवा पण ते इंटरनेटवरून उचलू नका. सभासद कोण? मान्यताप्राप्त संस्थेतून बीएसडब्ल्यू किंवा एमएसडब्ल्यू केलेला, तो पूर्ण सभासद, मत देणार. शिकत असलेली मुलं विद्यार्थी सभासद, मत नाही पण प्रत्येक कार्यक्रमात पुढं. आणि वीस-वीस वर्षं वस्तीत काम केलेल्या पण डिग्री नसलेल्या कार्यकर्त्या, त्यांचं काय करायचं ह्यावर आमच्याकडं जोरदार वाद झाला, दोन सभा त्यातच गेल्या, शेवटी सहयोगी सभासद असा वर्ग केला. मला विचाराल तर हा वाद व्हायलाच पाहिजे, कारण त्यानिमित्तानं प्रत्येकाला आपलं काम म्हणजे नेमकं काय हे शब्दात मांडावं लागतं. आचारसंहितेचं कलमही घाला, गोपनीयता, क्लायंटकडून भेटवस्तू न घेणं, केसचे फोटो न टाकणं. टिसमधल्या समाजकार्य शिक्षकांच्या मंचानं १९९७ मध्ये व्यावसायिक समाजकार्यकर्त्यांसाठी नीतितत्त्वांचा जाहीरनामा केला होता तो समोर ठेवून बसा, खूप मदत होते. वर्गणीचंही नीट लिहा, आणि हे लक्षात असू द्या की १८६० च्याच कायद्यात लिहिलंय, वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली तर त्या सभासदाला मत देता येत नाही. निवडणुकीच्या दिवशी ह्यावरून भांडणं होतात.

बाकीची कागदपत्रं सरळ आहेत. अर्ज आणि त्यावर कोर्ट फी स्टॅम्प, प्रत्येकाचं संमतीपत्र, सगळ्यांनी मिळून एका माणसाला दिलेलं अधिकारपत्र म्हणजे ऑफिसात तोच जाणार-येणार, अध्यक्ष किंवा सचिवाचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांचं आधार आणि पॅन, आणि संस्थेच्या पत्त्यासाठी जागामालकाचं नाहरकत पत्र, सोबत लाइट बिल नाहीतर घरपट्टीची पावती. नाहरकत पत्रावरचं नाव आणि लाइट बिलावरचं नाव एकच पाहिजे, वारलेल्या सासऱ्यांच्या नावानं बिल येत असेल तर आधी ते बघा. अर्ज ऑनलाइन भरायची सोय धर्मादाय आयुक्तांच्या वेबसाइटवर आहे, पण मूळ कागदांची फाइल तयार ठेवा, ती लागतेच.

आमचा अर्ज पहिल्यांदा त्रुटी काढून परत आला होता. एका मॅडमचं आधारवर लग्नानंतरचं नाव, पॅनवर माहेरचं आणि विधानपत्रावर सही तिसऱ्याच प्रकारची. वाईट वाटलं, पण त्या क्लार्क बाईंनी पेन्सिलनं बारीक खुणा करून दिल्या होत्या त्यामुळं आठवड्यात दुरुस्त झालं. तेव्हा सही करायच्या आधी प्रत्येकाचे दोन्ही कार्ड शेजारी ठेवून स्पेलिंग अक्षर-अक्षर ताडून बघा, आणि जे काही द्याल त्याच्या कॉपीवर आवक नंबर आणि तारखेचा शिक्का मारून घ्या, शिक्का नसेल तर तुम्ही अर्ज दिलाय हे सिद्ध कसं करणार.

सगळं बरोबर असलं की संस्था नोंदणीचं सर्टिफिकेट मिळतं. इथं खूप जण पेढे वाटतात आणि थांबतात, थांबू नका, काम अर्धंच झालंय. न्यास म्हणून नोंदणीचा अर्ज परिशिष्ट दोन ह्या ठरलेल्या नमुन्यात करावा लागतो, आणि त्याला कायद्यानं तीन महिन्यांची मुदत आहे. त्यात विश्वस्तांची नावं, पुढचे विश्वस्त कसे येणार ती पद्धत, उत्पन्नाचं साधन, स्थावर-जंगम मालमत्ता, संघटनेकडं सुरुवातीला असते ती वर्गणीची थोडीशी रक्कम तीसुद्धा दाखवायची. मग चौकशी होते, विचारलं तर समक्ष हजर राहायचं, आणि आदेश झाला की तुमचा नंबर पडतो, एफ अक्षरानं सुरू होणारा, कारण सोसायटी असलेल्या न्यासांचं रजिस्टर एफ. सोबत परिशिष्ट एकचा उतारा, म्हणजे रजिस्टरमधल्या तुमच्या नोंदीची प्रत मिळते, बोलताना सगळे शेड्युल वन म्हणतात, त्याच्या चार-पाच साक्षांकित प्रती एकदमच काढून ठेवा.

त्यानंतर संस्थेच्या नावानं पॅन, ठराव करून दोघांच्या संयुक्त सहीचं बँक खातं, स्वयंसेवी संस्थांची नोंद असते त्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नाव, आणि देणग्या घ्यायच्या असतील तर आयकर खात्याकडची नोंदणी, जिला सगळे बारा-ए (संस्थेला करसवलत) आणि ऐंशी-जी (देणगीदाराला करसवलत) म्हणून ओळखतात, ती सीएकडूनच करून घ्या. परदेशी देणगीचा विचार एवढ्यात करू नका, एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीला तीन वर्षं जुनी संस्था आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च लागतो, जिल्ह्याच्या संघटनेला त्याची गरजही नसते.

दरवर्षीचं काम दोनच गोष्टींचं आहे पण तिथंच चांगल्या चांगल्या संघटना मरतात. ३१ मार्चला हिशेब बंद करून सहा महिन्यांच्या आत ऑडिट रिपोर्ट द्यायचा, आणि कार्यकारी मंडळ बदललं, कुणी राजीनामा दिला, कुणी वारलं, पत्ता बदलला तर ९० दिवसांच्या आत बदल अर्ज, चेंज रिपोर्ट, परिशिष्ट तीनमध्ये टाकायचा. निवडणूक धूमधडाक्यात होते, नवा अध्यक्ष सत्कार घेतो, चेंज रिपोर्ट राहून जातो, पाच वर्षांनी बघावं तर रेकॉर्डवर अजून जुनेच लोक, त्यातले दोघं हयात नाहीत, आणि बँक म्हणते शेड्युल वनवर तुमचं नावच नाही. मी एका जुन्या, फार चांगलं काम केलेल्या संघटनेचं असं झालेलं जवळून बघितलंय, त्यांचे पैसे खात्यात होते पण पूर आला तेव्हा एक रुपया काढता आला नाही. आमच्या सचिवांनी म्हणून प्रोसिडिंग बुकाच्या पहिल्याच पानावर लाल पेनानं लिहून ठेवलंय, निवडणुकीची तारीख आणि तिच्यासमोर नव्वदाव्या दिवसाची तारीख.

पुढच्या मार्चच्या तिसऱ्या मंगळवारी स्वतःच्या संघटनेच्या बॅनरखाली जमायचं असेल तर पहिली सभा पावसाळ्यातच घ्या, दिवाळीच्या सुट्ट्यांत ऑफिसचं काम रेंगाळतं आणि त्रुटीपूर्तता हातात धरून एक फेरी जास्तीची लागतेच. सभासदत्वाच्या कलमाचा कच्चा मसुदा हवा असेल तर मागा, आमचा देईन, फक्त जसाच्या तसा वापरू नका, तुमच्या जिल्ह्यातल्या बायकांना आणि पोरांना एकदा वाचून दाखवा आणि मग बदला.