ऑपरेटिंग सिस्टिमची सुरक्षा आणि वापरसुलभता

सुरक्षा आणि वापरसुलभता यांचा मेळ घालायचा म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने (संगणक किंवा फोन चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरने) वापरकर्त्याला कुठे अडवावे, कुठे विचारावे आणि काय न विचारता स्वतःच सांभाळावे, हे ठरवणे. बंधने जाचक झाली की माणूस पळवाट शोधतो. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून ठेवतो, नको ती नेटवर्क-जोडणी अडवणारी फायरवॉल बंद करतो, अपडेट उद्यावर ढकलतो. अशी सुरक्षा कागदावर भक्कम दिसली तरी प्रत्यक्षात कच्चीच राहते.

संगणकशास्त्रज्ञ जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये माहितीच्या संरक्षणाची आठ तत्त्वे मांडली. प्रत्येक प्रोग्रामला कामापुरतेच अधिकार द्यावेत, हे त्यांतले एक. संरक्षणाची यंत्रणा वापरणाऱ्याच्या सहज अंगवळणी पडेल अशी असावी, हेही त्याच यादीत होते.

विंडोज एक्सपीमध्ये घरगुती संगणकावरचे खाते सहसा ॲडमिनिस्ट्रेटरचे, म्हणजे सगळे अधिकार असलेले, असे, त्यामुळे चुकून उघडलेला घातक प्रोग्रामही पूर्ण अधिकारांनिशी चाले. त्यावर उपाय म्हणून त्यानंतरच्या विंडोज व्हिस्टाने ‘यूएसी’ (यूजर अकाउंट कंट्रोल) आणले. सिस्टिममध्ये बदल करायची वेळ आली की स्क्रीन काळवंडे आणि परवानगी मागणारी चौकट पुढे येई. ती इतक्यांदा येई, की लोक न वाचताच होकार देऊ लागले. विंडोज ७ मध्ये (२००९) या चौकटी कमी झाल्या आणि त्या किती याव्यात हे ठरवायला चार टप्प्यांची पट्टी मिळाली. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर तात्पुरते ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार देणारी ‘सुडो’ ही आज्ञा सहसा एकदा पासवर्ड घेतल्यावर काही मिनिटे पुन्हा विचारत नाही. तडजोड छोटी आहे, पण शहाणपणाची आहे.

वापरकर्त्यावर किती जबाबदारी टाकावी, हा यातला सर्वांत नाजूक भाग. मे २००० मध्ये पसरलेल्या ‘आयलव्हयू’ या वर्मच्या (स्वतःच्या प्रती करत पसरणाऱ्या घातक प्रोग्रामच्या) फाइलचे नाव ‘टीएक्सटी.व्हीबीएस’ असे संपत होते. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन (फाइलचा प्रकार सांगणारी नावाच्या शेवटची अक्षरे) आपणहून लपवत असल्याने, ती फाइल म्हणजे प्रोग्राम आहे हे सांगणारे शेवटचे ‘व्हीबीएस’ अनेकांना दिसलेच नाही. समोर साधी मजकुराची फाइल दिसत असताना ती उघडणाऱ्याला निष्काळजी म्हणणे अन्यायाचे आहे. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या ‘वॉनाक्राय’ या वर्मची गोष्ट वेगळी. ज्या त्रुटीतून तो पसरला तिची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये आली होती आणि हल्ला मे महिन्यात झाला. अपडेट वेळेवर घेणे, बॅकअप ठेवणे आणि प्रोग्राम कुठून घेतो ते पाहणे ही जबाबदारी वापरकर्त्याने उचलायलाच हवी. मात्र ऐन कामात संगणक रीस्टार्ट करणाऱ्या अपडेटमुळेच पुष्कळांना ते पुढे ढकलायची सवय लागते, हेही तितकेच खरे.

अँड्रॉइडवर पूर्वी ॲप घेतानाच सगळ्या परवानग्यांची लांबलचक यादी समोर येई, आणि ती एकतर पूर्ण मान्य करायची किंवा ॲपच सोडून द्यायचे. अँड्रॉइड ६.० पासून (२०१५) संवेदनशील परवानग्या प्रत्यक्ष गरजेच्या वेळी एकेक करून विचारल्या जाऊ लागल्या. टॉर्चचे ॲप उघडताच त्याने संपर्कयादी मागितली, तर काहीतरी गडबड आहे हे तांत्रिक ज्ञान नसलेल्यालाही कळते. शिवाय नकार देऊनही टॉर्च लावता येतो.