जुनं पुस्तक म्हणजे मोकळं पुस्तक नव्हे

‘पुस्तक बाजारात मिळत नाही, म्हणजे कॉपीराइट संपला, स्कॅन करून पीडीएफ खुशाल पाठवा’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो पाठवणाऱ्यांना पुस्तकांची कळकळच असते. पण आवृत्ती संपणं वेगळं आणि हक्क संपणं वेगळं.

भारताच्या १९५७ च्या कायद्यानुसार, लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. समजा, पुस्तक १९३८ चं आहे, पानं हात लावताच तुटतात, किंमत दीड रुपया छापलीय. लेखिका १९७२ साली गेल्या असतील, तर हक्क ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत शाबूत. तोवर तो वारसांकडे, किंवा ज्याला लिहून दिला त्याच्याकडे.

म्हणून तपासताना छपाईचं नव्हे, मृत्यूचं साल शोधा. चरित्रकोशात बहुधा सापडतं. अनुवादकाचा हक्क वेगळा मोजावा लागतो, आणि गफलत होते ती बहुतेकदा इथेच. ज्ञानेश्वरी सर्वांची आहे, पण तिचा अलीकडचा गद्य अनुवाद तसा असेलच असं नाही.

ऑनलाइन शोधात पुस्तकातल्या ओळी दिसल्या, तरी ते मोकळं झालं असं नाही. दोन ओळी दाखवणं आणि अख्खं पुस्तक उतरवू देणं, यांत फार अंतर आहे.

साठ वर्षं उलटली असतील तर मात्र बिनधास्त स्कॅन करा, परवानगी लागत नाही. फक्त नव्या आवृत्तीत कुणी नंतर प्रस्तावना जोडली असेल, तर तेवढी पानं वगळा.