गिझरची निगा व दुरुस्ती (ग्रामीण विदर्भ)

आंघोळीचे पाणी तापविणाऱ्या घरगुती विद्युत् उपकरणाला बोलीत सरसकट गिझर म्हणतात. ग्रामीण विदर्भात तो तांब्याचा बंब आणि बादलीत सोडायचा रॉड यांच्या सोबतीने नांदतो. अंगणात पऱ्हाट्या-तुराट्यांवर पेटणारा बंब आणि न्हाणीच्या भिंतीवर टांगलेला पंधरा लिटरचा गिझर, अशा दोन्ही सोयी एकाच घरात असणे नवलाचे नाही. येथे गिझर बिघडतो तो बहुधा यंत्रातील दोषामुळे नव्हे, तर पाण्यातील क्षार, विजेचा कमी-जास्त दाब आणि वर्षातील सात-आठ महिन्यांचा खंड या तीन कारणांमुळे. ही कारणे तशीच ठेवून केवळ कॉइल बदलली, तर ती दुरुस्ती जेमतेम एखादा हिवाळा टिकते.

साठवणीच्या गिझरमध्ये एक बंद टाकी, तिच्यात बुडालेली कॉइल, ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट, तो अडकल्यास वीज तोडणारा कटआउट, जादा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि मॅग्नेशियमची कांडी हे मुख्य भाग असतात. थंड पाणी तळाशी येते व गरम पाणी वरच्या टोकाकडून बाहेर पडते. नळ उघडूनही गिझर कधी पूर्ण रिकामा होत नाही, तो यामुळेच.

विदर्भातील पाणी सगळीकडे सारखे नाही आणि गिझरचे दुखणेही त्यानुसार बदलते. पश्चिमेकडील काळ्या बेसाल्ट खडकातून येणारे विहिरीचे व बोअरचे पाणी बहुधा दुष्फेन असते. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ लवकर शिजत नाही. घरच्या बाईला ही परीक्षा कोणत्याही प्रयोगशाळेआधी ठाऊक असते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात पाणी मुळातच खारट असल्यामुळे तेथे थर बसण्यापेक्षा धातू खाल्ला जाण्याची भीती जास्त. भंडारा, गोंदियाकडे जेथे तलावाचे पाणी नळाला येते, तेथे क्षार कमी, पण गाळ तळाशी बसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे 200 मिलिग्रॅम असून दुसरा स्रोतच नसेल तर 600 मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. पिण्यास चालणारे पाणी गिझरला मानवेलच असे मात्र नाही.

पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापले की त्याचे न विरघळणाऱ्या कार्बोनेटमध्ये रूपांतर होते आणि ते सर्वांत गरम जागी, म्हणजे कॉइलवर, चिकटते. या थरातून उष्णता तांब्याच्या तुलनेत शंभराहून अधिक पटींनी सावकाश वाहते. त्यामुळे बाहेर पाणी कोमट असताना आत कॉइल लाल होऊ लागते आणि अखेर फाटते. त्याआधी गिझर सूचना देतो. पाणी तापायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तापताना आतून गुरगुरल्यासारखा, चुलीवर डाळ रटरटावी तसा, आवाज येतो. थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ती फुटते, त्याचा तो आवाज असतो. तो ऐकू येऊ लागल्यावर गिझर उघडण्यास उशीर करू नये.

गिझर उघडण्यासाठी प्रथम मेन स्विच बंद करून प्लग काढावा, पाणी थंड होऊ द्यावे, वरच्या टाकीकडून येणारा कॉक बंद करावा आणि गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून खालच्या जोडणीतून टाकी रिकामी करावी. तळाचे झाकण काढले, की त्यावरील तारा कोणत्या स्क्रूला होत्या याचा मोबाइलवर फोटो घेऊनच त्या सोडवाव्यात. पट्टीचे नट ढिले करून कॉइल खाली ओढताना ती सहज येत नाही, कारण तिच्या वेटोळ्यांमध्ये पांढरट-पिवळ्या खपल्या गच्च बसलेल्या असतात. दोन-तीन हिवाळे न उघडलेल्या टाकीतून बादलीत पडणारा माल पाहिला, तर तो घराच्या भिंतीवरून निघालेल्या चुन्याच्या पोपड्यांसारखा दिसतो, आणि मूठभर उचलला तर हातात वाळूसारखा करकरतो. मोठ्या खपल्या हाताने किंवा लाकडी काडीने काढाव्यात. टाकीच्या आत काचेसारखा लेप असल्यास पेचकस मारल्याने तो तडकतो आणि तेथूनच गंज सुरू होतो. कॉइलसाठी एक लिटर गरम पाण्यात सुमारे 50 ग्रॅम निंबूसत (सायट्रिक ॲसिड) विरघळवून त्यात ती तास-दोन तास बुडवून ठेवावी. जोडणीची टोके मात्र कोरडी ठेवावीत. बुडबुडे येणे थांबले की उरलेला थर ब्रशने निघतो. संडास साफ करण्याचे ॲसिड येथे कदापि वापरू नये. ते थराबरोबर कॉइलचे आवरणही खाते, आणि बंद न्हाणीत त्याचा धूर छातीत भरतो. गावातील अनेक कारागीर वेळ वाचविण्यासाठी तेच वापरतात, म्हणून हे घरधन्याने आधीच बजावून सांगितलेले बरे. झाकण बसविताना नवे रबर टाकावे. दहा-वीस रुपयांची कसर पुढे गळतीत निघते.

मॅग्नेशियमची कांडी टाकीऐवजी स्वतः झिजते आणि टाकीला गंजापासून वाचवते. ती दरवर्षी पाहावी. खारपाणपट्ट्यात पाण्याची वाहकता जास्त असल्यामुळे ती लवकर संपते आणि आतील तार उघडी पडते. तशी दिसली की बदलावी. निंबूसताचे पाणी तिला लागू देऊ नये. गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर पाण्यातील सल्फेटवर जगणारे जिवाणू साचलेल्या टाकीत वाढले आहेत असे समजावे. अशा वेळी टाकी रिकामी करून धुवावी, पुन्हा भरावी, थर्मोस्टॅट 60 अंशांवर ठेवून तापवावी आणि ते पाणी टाकून द्यावे. रोजच्या वापरासाठी दुष्फेन पाण्याच्या गावात 50 ते 55 अंश ठेवल्यास थर कमी बसतो. विसण घालून आंघोळ करायची असेल, तर त्याहून कढत पाण्याची गरजही नसते.

विजेचा दाब हा दुसरा मोठा विषय. डीपीपासून (गावातील ट्रान्स्फॉर्मरपासून) लांब असलेल्या घरात संध्याकाळी दिवे मंद होतात, तेव्हा गिझरवरही तोच परिणाम होतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही. 2000 वॅटच्या गिझरला पंधरा लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर नेण्यास 230 व्होल्टवर सुमारे 21 मिनिटे लागतात. दाब 180 व्होल्टवर आला की शक्ती 61 टक्क्यांवर उतरते आणि त्याच कामाला 34 मिनिटे लागतात. यात गिझर बिघडलेला नसतो. कॉइल बदलण्याआधी दाब मोजून पाहावा.

पाणी मुळीच तापत नसेल तर शोध बाहेरून आत न्यावा. प्रथम एमसीबी (जादा वीज ओढली गेल्यास आपोआप पडणारा स्विच) व सॉकेट पाहावे. 2000 वॅटचा गिझर जवळपास 9 अँपिअर व 3000 वॅटचा 13 अँपिअर वीज ओढतो, त्यामुळे तो 16 अँपिअरच्या सॉकेटवरच चालवावा. प्लगची पिन काळी पडली असेल किंवा हाताला चटका देत असेल, तर दोष तेथेच आहे. त्यानंतर झाकणाखालील कटआउटचे छोटे बटण दाबून पाहावे. ते पुन्हापुन्हा उडत असेल तर थर्मोस्टॅट अडकला आहे किंवा कॉइलवर थर चढला आहे. बटण सतत दाबत राहणे हा उपाय नव्हे. मग प्लग काढलेला असताना मल्टिमीटरने कॉइलची दोन टोके मोजावीत. 2000 वॅटच्या कॉइलचा रोध सुमारे 26 ओहम, 3000 वॅटच्या कॉइलचा सुमारे 18 ओहम येतो. काहीच आले नाही तर कॉइल तुटली आहे, आणि टोक व बाहेरील धातू यांच्यामध्ये काही आले तर ती फुटली आहे. असा गिझर पाण्यात करंट सोडतो. झाकणाखाली शिरलेली पाल किंवा मुंग्यांचे वारूळ यांमुळेही शॉर्ट होते, हे खेड्यातील वायरमनला चांगले ठाऊक असते.

अर्थिंगबाबत काळ्या मातीच्या गावांनी विशेष जपावे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते, त्यामुळे जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या सळईचा मातीशी संपर्क सुटतो. खड्ड्यात कोळसा व मीठ भरलेले असावे आणि त्यात अधूनमधून पाणी ओतावे. याच्या जोडीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बसविणे हा माझ्या मते गिझरवरील सर्वांत सार्थकी लागणारा खर्च आहे. नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर त्या क्षणापासून गिझर बंद ठेवावा.

गळतीत फरक ओळखता आला पाहिजे. पाणी तापताना व्हॉल्व्हमधून थेंब पडणे बहुधा स्वाभाविक असते: पंधरा लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर जाताना पाव लिटरच्या आसपास वाढते आणि ते थंड पाण्याच्या नळीत उलट जाऊ न शकल्यास व्हॉल्व्हमधून बाहेर येते. झाकणाच्या कडेने येणारे पाणी रबर बदलल्यावर थांबते. तांबूस पाणी पत्र्यामधून झिरपत असेल, तर टाकी संपली; तिला वेल्डिंग टिकत नाही. गरम बाजूला साधा पीव्हीसी पाइप वापरल्यास तो मऊ पडून जोडातून निसटतो, तेथे सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा) किंवा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप लावावा.

रॉडची निगा सोपी, धोका मात्र मोठा. तो दोन खुणांच्या दरम्यान बुडालेला असावा, आणि स्विच बंद करून प्लग काढल्याखेरीज पाण्यात बोट घालू नये. जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) किंवा लोखंडी बादलीत तो मुळीच सोडू नये. बंब पाण्याशिवाय पेटवला तर त्याच्या जोडाचे झाळण वितळते. तो जोड तांबटच दुरुस्त करू शकतो. गॅस गिझर न्हाणीबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. बंद खोलीत त्याच्या ज्वालेतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि आंघोळीला गेलेला माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. ज्वाला निळीऐवजी पिवळी दिसू लागली की बर्नर साफ करून घ्यावा. सौर हीटरच्या नळ्यांना माकडे आणि फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट यांपासून जाळीचे संरक्षण लागते, आणि उन्हाळ्यात वापर नसल्यास त्यांवर तट्टा टाकावा.

विदर्भात मार्चपासून छतावरच्या टाकीतले पाणीच कढत येते आणि गिझर दिवाळीपर्यंत पडून राहतो. या काळात टाकी भरलेलीच ठेवावी, कारण मॅग्नेशियमची कांडी पाण्यात असतानाच रक्षण करते. कोजागिरीनंतर, नरक चतुर्दशीच्या पहाटेच्या अभ्यंगस्नानाआधी, जुने पाणी सोडून द्यावे, टाकी उघडून थर काढावा आणि नळातून हवा न येता अखंड धार लागल्यावरच स्विच दाबावा. रिकाम्या टाकीत कॉइल काही क्षणांत जळते. हंगाम संपल्यावर केवळ स्विच बंद करणे पुरेसे नाही. एप्रिल-मे मधील अवकाळी वादळात वीज तारांवर कोसळली, की झटका बंद स्विच ओलांडूनही आत शिरू शकतो, म्हणून होळीच्या सुमारास प्लगच काढून ठेवावा.