पार्श्वभूमी : प्रकाशसंश्लेषण पडद्यावर कसे आले

कोल्हापुरात जूनच्या मध्याला शाळा सुरू होतात आणि त्याच सुमारास पाऊसही धरतो. प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगाला मात्र ऊन लागते. कुंडीतले रोप एक-दोन दिवस अंधारात ठेवायचे, मग एका पानावर काळ्या कागदाची पट्टी लावून रोप उन्हात मांडायचे. संध्याकाळी ते पान उकळायचे, स्पिरिटमध्ये त्याचा हिरवा रंग उतरवायचा आणि वर आयोडीनचे थेंब टाकायचे. उघड्या भागात स्टार्च बनलेला असतो म्हणून तो निळा-काळा होतो, पट्टीखालचा होत नाही. आठवडाभर झड लागली की हा निळा रंग धड उमटत नाही. शिवाय स्पिरिट थेट आचेवर ठेवता येत नाही, गरम पाण्याच्या भांड्यातच तापवावे लागते. म्हणून प्रयोग शिक्षक करतात, पुढचे दोन बाक बघतात आणि बाकीचा वर्ग वहीत आकृती काढतो.

आणि प्रयोग जमला तरी दिसतो तो शेवटचा स्टार्च. हरितलवकात, म्हणजे पानाच्या पेशीतल्या हिरव्या कणात, काय घडते हे उलगडायला शास्त्रज्ञांनाच जवळपास दोनशे वर्षे लागली. १७७१ मध्ये प्रीस्टली यांनी पुदिन्याचे रोप मेणबत्तीने ‘बिघडलेली’ हवा सुधारते हे दाखवले, तर १७७९ मध्ये इंगेनहाऊस यांनी त्यासाठी उजेड लागतो हे. बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातला असतो, याचा पुरावा रूबेन आणि केमन यांनी जड ऑक्सिजन (नेहमीपेक्षा वजनदार अणूंचा, म्हणून माग काढता येणारा) वापरून १९४१ मध्ये दिला. कार्बनचा माग काढणाऱ्या केल्विन यांना १९६१ मध्ये नोबेल मिळाले. यातले काहीच डोळ्यांना दिसत नाही. ॲनिमेशनची गरज खरी इथे आहे.

प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये ज्या कोल्हापुरात सुरू झाली, तिथेही हलते चित्र विज्ञानाच्या तासाला पोहोचायला बराच काळ गेला. पुण्यात शालेय कार्यक्रम बनवणारी बालचित्रवाणी १९८४ मधली. निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक देणारी केंद्राची योजनाही त्याच सुमाराची. पुढे सीडी आल्या, प्रोजेक्टर आले, आणि लोडशेडिंगच्या वेळापत्रकानुसार तास लावणेही आले! त्या काळातली बरीच ॲनिमेशन्स फ्लॅश या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेली होती. ३१ डिसेंबर २०२० नंतर फ्लॅशचा आधारच संपला आणि ती नव्याने न केलेली चित्रे ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. तोवर पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणि शालेय धड्यांचे २०१७ चे दीक्षा ॲप आले होते.

माझी तक्रार तंत्राबद्दल नाही, चित्राबद्दल आहे. पुष्कळ ॲनिमेशन्समध्ये कार्बन डायऑक्साइडचा बाण पानात शिरतो आणि ऑक्सिजनचा लगेच बाहेर पडतो. हे बघून मूल ऑक्सिजन त्याच वायूतून निघाला असे धरून चालते. १९४१ चे काम दोन बाणांत पुसले जाते. मुळांकडून आलेला पाण्याचा रेणू फुटताना दाखवायला फार तर पाच सेकंद जास्त लागतील.

दुसरी गोष्ट तर थेट इथल्या रानातली. शाळेबाहेर ऊस उभा असतो आणि पडद्यावर केल्विनचा तीन कार्बनचा रस्ता चालतो, म्हणजे ज्यात पहिला पदार्थ तीन कार्बनचा बनतो तो. उसात आधी चार कार्बनचे आम्ल बनते. हवाई आणि ऑस्ट्रेलियातले ब्रिस्बेन इथे हे शोधण्याचे काम झाले तेही उसावरच. ब्रिस्बेनच्या हॅच आणि स्लॅक यांचा १९६६ चा शोधनिबंध एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेतला. हे चार कार्बनचे आम्ल पानातल्या शिरांभोवतीच्या पेशींत जाते, तिथे कार्बन डायऑक्साइड सोडते आणि मग केल्विन चक्र सुरू होते. म्हणजे उसाचे पान दाखवायचे तर एका पेशीत भागत नाही, शेजारशेजारच्या दोन वेगळ्या पेशी रंगवाव्या लागतात.